जुबिलीनंतरची पेज

“तोंड उघडा, टीचर.”

मटिल्डा टीचरांनी तोंड उघडलं, म्हणजे उजवी बाजू उघडली. डावी बाजू लकवा मारल्यापासून संपावर होती. रोझलीनने चमचाभर पेज आत सारली, बाहेर आली तेवढी हनुवटीवरून पुसली आणि पुढचा चमचा भरला.

“मीठ नाय,” टीचर म्हणाल्या.

“घातलं होतं.”

“नाय.”

रोझलीनने चाखून पाहिली. तिला काही कळलं नाही. मुलगा गेल्यापासून तिला खारट-अळणी समजत नसे. घरी तिचा नवरा सॅन्टन पुढ्यात येईल ते मुकाट जेवायचा, त्यामुळे कोणाची तक्रारही नव्हती. टीचरांची असायची. त्यांचं बोलणं अर्धं गेलं होतं, पण तक्रार पुरी शाबूत होती.

आमच्या भुईगावात निम्म्या लोकांनी धर्मशिक्षण मटिल्डा टीचरांच्या छडीखाली घेतलं आहे. त्यांनी लग्न केलं नाही, चर्चमधली एक मिस्सा चुकवली नाही आणि दुसऱ्याने चुकवलेली विसरल्या नाहीत. पाप लहान की मोठं, त्याची शिक्षा किती, हे त्या दुधवाल्याने माप टाकावं तसं सांगत. आम्ही पोरं त्यांना देवापेक्षा जास्त भीत होतो. देव निदान दिसत नव्हता.

रोझलीनचा मुलगा नेल्सन त्यांच्या हाताखालचाच. मोठा झाल्यावर सहा दिवस तो वसई पूर्वेच्या एका कारखान्यात राबायचा आणि रविवारी केळीच्या वाड्यांमधले बिघडलेले पंप दुरुस्त करायचा. लोक रविवारीच घरी सापडतात, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे मिस्सा राहून जायची. आधी एखादी राहिली, मग सगळ्याच. रोझलीन बोलायची, तो हसायचा. “देवाच्या झाडांनाच पानी देतोय ना, आय,” म्हणायचा. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा चालू असताना तो असाच एक पंप सुरू करून मोटारसायकलवरून परत येत होता आणि वळणावर पाण्याच्या टँकरने त्याला उडवलं. फादरांपुढे पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल नाही. हत्यारांची पिशवी मात्र खांद्यालाच होती.

दफनाला टीचर स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. मूठभर माती टाकून त्या म्हणाल्या, “मिस्सेच्या वेलेला गेला पोरगा. तेलबी नाय लागलं. आता सगलं देवाच्या दयेवर.”

रोझलीन तेव्हा रडली नाही आणि नंतरही रडली नाही. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे बाईचं. पिशवी दाराआड टांगून ती नेहमीप्रमाणे केळी आणि भाजी घेऊन वसईच्या बाजारात बसायला लागली. गिऱ्हाइकाशी भाव करायची, सुटे परत द्यायची. आत मात्र एकच प्रश्न खिळा ठोकल्यासारखा बसला होता. नेल्सन कुठे असेल?

मग दोन हजार साल आलं, ख्रिस्तजन्माच्या जुबिलीचं. फादरांनी प्रवचनात सांगितलं, यंदा जो पापनिवेदन करून, प्रभुभोजन घेऊन आजारी-एकाकी माणसाची भेट घेईल, त्याला पापाच्या शिक्षेची पूर्ण माफी मिळेल. ती स्वतःसाठी ठेवता येईल, नाहीतर स्वर्गाच्या वाटेवर शुद्धिस्थानात अडकलेल्या आपल्या मृतांना देता येईल. दिवसाला एक माफी. बाकीच्यांनी ऐकलं आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना विसरले. रोझलीनने ते पदराला गाठ मारून घरी नेलं.

आजारी माणूस तिला फार शोधावा लागला नाही. टीचरांना लकवा मारला होता आणि त्या भाऊ फर्डिनंडच्या घरी मागच्या खोलीत पडून होत्या. जवळचं घर, आणि भेटायला सगळ्यात अवघड माणूस. औषध कडू असलं की लवकर लागू पडतं, एवढं रोझलीनला कळत होतं.

वर्षभर ती बाजारातून आली की डब्यात पेज घेऊन जायची. भरवायची, अंग पुसायची, कूस बदलायची. फर्डिनंडच्या बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. गाव म्हणालं, रोझलीनचं मन बघा केवढं! जिने पोराबद्दल असं म्हटलं तिलाच भरवतेय. रोझलीनने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. परतताना गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथे क्षणभर थांबून ती म्हणायची, “हे नेल्सनचं.” पेटीत पत्र टाकावं तसं टाकायची आणि घरी जायची.

तर आज, नाताळ तोंडावर आलेला असताना, पेज संपल्यावर टीचरांनी विचारलं, “रोझलीन, तू नेल्सनसाटी येते ना?”

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? “हो,” ती म्हणाली.

“मना वाटलंच. माजा राग हाय मनात?”

“हाय.”

टीचर चुकलेलं उत्तर सुधारावं तशा म्हणाल्या, “मग पुरी माफी नाय भेटत. पुऱ्या माफीला मन साफ लागतं. राग ठेवून केलं तर अर्धीमुर्धी.”

रोझलीनच्या हातातला चमचा डब्यावर आपटला. “अर्धी म्हंजे किती?”

“ते पुस्तकात नाय.”

त्या दिवशी ती क्रुसापाशी थांबली नाही, तडक चर्चमध्ये गेली. फादर नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यावर पेंढा चढवत होते. तरुण माणूस, घामाने डबडबलेला.

“फादर, राग ठेवून आजाऱ्याला भेटलं तर ती भेट लागते काय?”

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “रोझलीनबाय, माफी आपण कमवत नाही. देव देतो. आपलं करणं म्हणजे नुसतं हात पुढे करणं.”

“म्हंजे न कमवता भेटते?”

“हो.”

“मग मी वरीसभर पेज कशाला नेली?”

फादर हसले, पण तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि त्यांचं हसू थांबलं.

“आनि ज्याने हातच पुढं केला नाय, त्याचं काय?”

आता फादरांनी हातातला पेंढा खाली ठेवला. “नेल्सनचा न्याय मी करू शकत नाही. टीचरही नाही. जो करणार आहे, तो आपल्या सगळ्यांहून दयाळू आहे.”

“नक्की?”

“त्याच भरवशावर तर हा झगा घातलाय, बाय.”

रोझलीन मान हलवून निघाली. उत्तर बरोबरच असेल, पण तिला टेकायला त्यात काही मिळालं नाही. उरलेल्या दिवसांत तिने मनातला राग काढायचा प्रयत्न केला. रोझरीचे मणी ओढताना शोधला, भाजी निवडताना शोधला. राग सापडला असता तर काढला असता. तिथे रागही नव्हता. काहीच नव्हतं. टीचरांना ती नुसती सवयीने ‘हाय’ म्हणून बसली होती. तेही तिला कोणाला सांगता येईना.

जानेवारीत तीन राजांच्या सणाला जुबिली संपली. बँड वाजला, चर्चवरची पताका उतरली. दुपारी रोझलीन शेवटची पेज घेऊन गेली. डब्याचं झाकण लावताना टीचरांनी हळूच विचारलं, “उद्यापासून?”

रोझलीनने झाकण दाबून बसवलं. टीचरांनी मान भिंतीकडे वळवली. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईला हा एक विचारल्याचा पस्तावा झालेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी रोझलीनने घरी नेहमीसारखा मूठभर जास्त तांदूळ धुतला. डबा भरून निघाली तेव्हा ओटीवर बसलेल्या सॅन्टनने विचारलं, “कुटं? जुबिली संपली ना?”

“संपली.”

“मग?”

“पेज शिजलीय,” ती म्हणाली आणि गेली.

दार वाजलं तशी टीचरांनी मान वळवली.

“आज कोनासाटी?”

“कोनासाटी नाय. तोंड उघडा.”

पहिला चमचा गेला. टीचरांनी तो तोंडात घोळवला. “मीठ जास्त झालंय.”

“होऊ दे.”

त्यांनी सगळी पेज खाल्ली. रोझलीन उठायला लागली तेव्हा टीचरांच्या चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

“कबरीपाशी मी बोलली होती.”

“हो.”

“तवा वाटायचं, मी लय साठवलंय. मिस्सा, रोझरी, पोरांना शिकवलेलं. सगलं देवापुढं मांडीन.” त्यांना दम लागला. “आता कुशीवर वलायला दुसरं मानूस लागतंय. मीबी दयेवरच हाय, रोझलीन. तुज्या नेल्सनच्याच रांगेत.”

माफ केलं म्हणावं, तर रोझलीनच्या आत तसं काही हललं नव्हतं. तिने मनगट हळूच सोडवून घेतलं, टीचरांना कुशीवर केलं, पाठीशी उशी लावली आणि गळ्याजवळ आलेलं पांघरूण नीट केलं.

मागच्या अंगणात नळाखाली डबा धुताना बोटाला लागलेली पेज तिने चाटली. खारट होती. खरंच फार खारट होती.

गल्लीच्या तोंडाशी पाय आपोआप थांबले. कोणीतरी क्रुसाला झेंडूची माळ घातली होती, ती एका बाजूने सुटून लोंबत होती. रोझलीनने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, आज द्यायला काही नाही. भेट नाही, माफी नाही, अर्धीमुर्धीसुद्धा नाही. तरी तिला तिथून हलवेना.

“नेल्सन,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग माळेचं सुटलेलं टोक पुन्हा अडकवलं आणि रिकामा डबा काखेत धरून घराकडे वळली.