थांबा, उतरेल

“अहो, गेमचं मशीन आता घेऊन टाका,” बायको म्हणाली. “गेल्या महिन्यापेक्षा दीड हजारानं वाढलंय.”

“वाढू दे. वर गेलेलं खाली येतंच,” तो म्हणाला.

टीव्ही-फ्रिजच्या दुकानात त्यानं एकतीस वर्षं विक्री केली होती. मालकाची नजर चुकवून तो गिऱ्हाइकाच्या कानात सांगायचा, “थोडं थांबा, उतरेल.” आणि उतरायचंच. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत गडगडायची. गिऱ्हाइकं दुवा द्यायची. पगारवाढ मात्र मालक देणार होता, त्यामुळे ती राहिली. पण या एका ज्ञानावर त्याची सगळी ऐट होती.

यंदा नेमका त्या ज्ञानानं दगा दिला. म्हणे मेमरीच्या चिपा मिळेनाशा झाल्या होत्या. गेम खेळायचं तेच जुनं मॉडेल दर महिन्याला महाग होत होतं. घरातलं मशीन बंद पडून तीन महिने झाले होते आणि दुरुस्तीवाल्यानं कधीच हात टेकले होते.

बासष्ट वर्षांच्या बाईला गेम कशाला, असं शेजारणी विचारत. त्यांना काय ठाऊक! आईच्या घराच्या वाटणीवरून तिचं आणि धाकट्या बहिणीचं फाटलं, त्याला नऊ वर्षं झाली. एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. शेवटी धाकटीच्या मुलीनं दोन्ही घरांत मशिनं लावून दिली आणि दोघींना एकाच शर्यतीत सोडलं. रोज संध्याकाळी हेडफोन लावून दोघी गाड्या पळवायच्या आणि भांडायच्या. अधूनमधून गुडघेदुखी, जावई, रक्तदाब सगळं बोलून व्हायचं. शर्यत संपली की पुन्हा अबोला. फोन म्हणून कधी नाही.

“मशीन बिघडलंय, एवढं तरी फोन करून सांग तिला,” तो म्हणाला.

“तिनं करावा. धाकटी आहे ती.”

दोघी एकाच आईच्या लेकी. तो किंमत उतरायची वाट पाहत राहिला.

चौथ्या महिन्यात संध्याकाळचं ते शांत घर त्यालाच सोसेना. आहे त्या किमतीला त्यानं मशीन आणलं. बायकोनं घाईनं जोडलं, पण पडद्यावर धाकटीचं नाव काही दिसेना. दोन दिवस वाट पाहून तिनं भाचीला फोन लावला.

“मावशी, आईनं मशीन विकलं गं,” भाची म्हणाली. “तिला वाटलं, तू पुन्हा बोलणं टाकलंस. आणि सध्या जुन्यालाही चांगले पैसे येतात.”

बायकोनं ते त्याला सांगितलं. “माझंच चुकलं,” तो म्हणाला.

बायकोनं बहिणीचा नंबर लावला. दोन्हीकडून “हॅलो” झालं आणि पुढे शब्दच सुचेना. हातात गाडी नसताना काय बोलायचं, हे दोघी विसरल्या होत्या. मग तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि शर्यत सुरू केली.

“निघाले मी,” ती म्हणाली. “पूल आलाय.”

“पुढे उजवं वळण आहे,” पलीकडून धाकटी म्हणाली. “वेग कमी कर.”

“केला.”

“खोटं बोलू नकोस. तू कधीच करत नाहीस.”

गाडी धाडकन कठड्यावर गेली.

“आपटलीस ना?” धाकटीनं विचारलं. “मला इथून काही दिसत नाही, ताई. तू सांगत राहा.”