मुकुटाखालची दोन अक्षरं

परशराम सहीचा कागद घेऊन आला तेव्हा आण्णाप्पा गोठ्यात शेण भरत होता. त्याला बघून आण्णाप्पानं आणखी एक घमेलं भरायला घेतलं.

"आण्णा, एवढी सही कर की. आमचा म्हातारा गेल्यापास्नं बंदूक ठाण्यात जमा हाय. लायसन म्हाताऱ्याच्या नावावर हुतं. आता माझ्या नावावर करायचं तर भावकीची हरकत न्हाय म्हणून लिहून पायजे."

"हात भरल्यात माझं."

"मग धू की."

"पाणी न्हाय."

काठोकाठ भरलेली बादली दोघांच्या मधोमध होती. परशरामनं बादलीकडं बघितलं, आण्णाप्पाकडं बघितलं आणि "बरं, सांजंला येतो," म्हणून निघून गेला.

आता आण्णाप्पाचं दुखणं काय ते सांगायला हवं. जांबोटीच्या पुढं रानाच्या कडेला ही वाडी. पंचवीस उंबरे, सगळी भाताची शेती, आणि भात पोटरीला आलं की त्यात उतरणारी डुकरं आणि गवे. साऱ्या वाडीत बंदूक एकच आणि ती परशरामच्या घरात. जनावर मारायचं नाही, हवेत बार काढून भ्या घालायचं, एवढंच तिचं काम. पण तेवढ्यावर त्या घराचा मान केवढा! दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी पहिला बार परशरामचा. नव्या भाताचा पहिला नारळ परशरामच्या हातात. लग्नाच्या पत्रिकेत 'श्री. परशराम बंदूकवाले'. जांबोटीच्या बसचा कंडक्टर कानडी माणूस, पण तोसुद्धा "बर्री, बंदूक साहुकार!" म्हणून त्याला पुढची सीट द्यायचा, आणि आण्णाप्पा मागं कोंबड्यांच्या डालग्याशेजारी उभा.

हे बघून आण्णाप्पा जळायचा. त्याला दुसरा शब्दच नाही. दोघांचे आजे सख्खे भाऊ, थोरला गुंडू आणि धाकटा मष्णू. आण्णाप्पा थोरल्या पातीचा, परशरामहून दोन वर्षांनी मोठा, घरं भिंतीला भिंत लागून. मग बंदूक धाकट्या पातीत गेलीच कशी? हे कोडं त्यानं बायकोला, मालुबाईला, इतक्यांदा घातलं होतं की ती आता भाकरी थापता थापताच उत्तर द्यायची.

"अवं, त्यांच्या बंदुकीनं आपलं बी भात ऱ्हातंय की."

"भात ऱ्हातंय गं. मान जातोय त्याचं काय?"

सांजेला परशराम परत आला. बरोबर बेळगावला कॉलेजात शिकणारी त्याची लेक सौम्या होती. अर्जात बंदुकीचा नंबर आणि वर्णन भरायचं होतं, म्हणून तिनं ठाण्यात जाऊन फोनवर फोटो काढून आणले होते.

"बघू," म्हणत आण्णाप्पानं फोन घेतला. एवढ्या वर्षांत ती बंदूक त्यानं हातभर अंतरावरनं बघितली नव्हती. मागायची लाज वाटायची. सौम्यानं बोटांनी फोटो मोठा केला. घोड्याच्या बाजूला लोखंडात एक मुकुट कोरलेला. मुकुटाखाली इंग्रजीतली दोन अक्षरं.

आण्णाप्पानं फोन डोळ्यांजवळ नेला. इंग्रजीशी त्याचा संबंध चौथीतच तुटला होता, पण ही दोन अक्षरं तो डोळे झाकून ओळखत होता. त्याचा आजा गुंडू लोंढ्याला रेल्वेत गँगमन होता. आज्याची पत्र्याची पेटी अजून पोटमाळ्यावर होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात रेल्वेच्या पेंटरानं हीच दोन अक्षरं काढलेली होती.

"जी आर!" तो ओरडला. "गुंडू रामू! माझा आजा!"

"काका, थांबा हं, हे काय असतं ते मी नेटवर बघते," सौम्या म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं," परशराम म्हणाला. "हितं रेंज येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी देवळात भावकी बसली. आण्णाप्पानं पेटी डोक्यावर घेऊन आणली आणि पंचांच्या पुढं आदळली. "बघा! हे अक्षर आन् ते अक्षर. एक तरी कानामात्रा येगळी हाय का? माझ्या आज्याच्या कामावर इंग्रज सायब खूश झाला. मुकुट कोरून, नाव घालून बंदूक दिली. आजा नोकरीला लोंढ्यात, म्हणून त्यानं धाकट्या भावाकडं ती ठेवाय दिली. ठेवाय! आन् ह्यांनी घशात घातली."

नव्वदीची अक्काताई खांबाला टेकून बसली होती. तिनं गुंडूला बघितलेला होता. "कोण, गुंड्या?" ती म्हणाली. "त्यो बेडूक आडवा आला तर परत फिरायचा. त्याला सायब बंदूक कशाला दील?"

सगळे हसले. आण्णाप्पाचे कान तापले. आता परशराम उसळणार, मग आपण काय म्हणायचं, त्यावर तो काय म्हणणार, हे सगळं त्यानं रात्रभर घोकून ठेवलं होतं. पण परशरामनं फोटो बघितला, पेटी बघितली आणि पेन काढलं.

"अक्षरं हायत तर हायत. अक्षरापुढं मी काय बोलू? आण्णाच्या आज्याचीच म्हणायची. लायसन आण्णाच्या नावावर होऊ दे, माझी हरकत न्हाय."

सही करून तो उठलासुद्धा. आण्णाप्पाला बंदूक मिळाली, पण घोकलेलं भांडण तसंच तोंडात राहिलं. हरलेल्या माणसानं जरा तरी तोंड पाडायला नको? परशरामचं पडलं नव्हतं, आणि ते आण्णाप्पाला बंदुकीपेक्षा जास्त लागलं.

कागद फिरून, चौकशी होऊन, श्रावण सरता सरता बंदूक घरी आली. आण्णाप्पानं तिला हळदकुंकू लावलं, खांद्याला अडकवली आणि काहीही काम नसताना वाडीतनं तीन फेऱ्या मारल्या. परशराम कुंपणाजवळ उभा होता.

"आण्णा, बार काढताना दस्ता खांद्याला घट्ट दाबून धर. ढिला धरलास तर लाथ मारती."

"मला शिकवू नगंस. माझ्या आज्याची हाय."

आज्याच्या बंदुकीनं पहिल्याच बाराला नातवाला बांधावरनं खाली चिखलात बसवलं. खांदा टम्म सुजला. मालुबाईनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक दिला. पण बसमध्ये "बर्री, बंदूक साहुकार!" ऐकून तो पुढच्या सीटवर बसला तेव्हा सगळा खांदा वसूल झाला.

मग भात पोटरीला आलं.

बंदूक ज्याची राखण त्याची, ही वाडीची रीत. आण्णाप्पाला ती ठाऊक नव्हती असं नाही, पण जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या ताटातली पुरणपोळी दिसते, ती लाटणाऱ्याचे हात दिसत नाहीत. घरांमागच्या बांधावर चार खांबांचा माळा होता. दिवस मावळला की त्याच्यावर चढायचं आणि उजाडल्यावर उतरायचं. वर प्लास्टिकचा कागद, खाली जळवा, चारी बाजूंनी पाऊस. जरा डोळा लागला की कुणीतरी हाक मारायचाच. "आण्णा, आमच्या वाफ्यात डुकरं!" "आण्णा, वढ्याकडनं गवं आल्यात!" आधी या शेताकडं पळायचं, मग त्या शेताकडं. आणि या सगळ्यात खालच्या घरातनं परशरामचं घोरणं ऐकू यायचं. लाकूड चिरल्यासारखं, संथ, एका तालात.

महिन्याभरात आण्णाप्पाचे डोळे खोबणीत गेले. परशराम मात्र भरला. गालावर तकाकी आली. बायकोला घेऊन तो गोव्याला पाहुण्यांकडं जाऊन आला. सकाळी आण्णाप्पा चिखलानं माखून परत यायचा तेव्हा हा आंघोळ करून, केस विंचरून, जोत्यावर बसून चहा फुंकत असायचा. आण्णाप्पाला वाटायचं, हा कप त्याच्या डोक्यात घालावा. एवढा मत्सर त्याला बंदुकीचासुद्धा कधी वाटला नव्हता.

दसऱ्याला पहिला बार त्याचा होता. गुरव पूजा आटोपून वाट बघत राहिला आणि बंदूकवाले देवळाच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपलेले. मालुबाईनं कोपरानं ढोसलं तेव्हा त्यानं दचकून बार काढला. सगळी वाडी टाळ्या वाजवत होती. त्याला काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर घोडा अडकायला लागला म्हणून बंदूक बेळगावला दस्तगीर मिस्त्रीकडं न्यावी लागली. म्हाताऱ्यानं ती उलटीपालटी केली, नळीत डोळा घातला.

"एके काळी लष्कराची रायफल हुती ही," तो म्हणाला. "नळीतलं आटं घासून गुळगुळीत केल्यात. मग पोलिसांस्नी द्यायचे, छऱ्याचं काडतूस घालायला. अशा पायलीला पन्नास बघितल्यात मी."

"आन् ह्यो मुकुट? ही अक्षरं?"

"जॉर्ज रेक्स. रेक्स म्हंजे राजा. इंग्लंडचा जॉर्ज राजा. सरकारी मालावर त्याचा शिक्का असायचा. का वो?"

"काय न्हाय," आण्णाप्पा म्हणाला.

त्याला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर परतीच्या बसमध्ये त्याला गुदगुल्या होत होत्या. खोटं उघडं पडलं म्हणजे बंदूक परत द्यावी लागणार! परत दिली म्हणजे झोप! शिवाय स्वतःहून परत दिली तर लोक म्हणतील, आण्णाप्पाचं मन मोठं. त्या रात्री माळ्यावर बसून त्यानं हेच बोलणं घोकलं आणि उजाडताच बंदूक घेऊन परशरामच्या जोत्यावर गेला.

"परशा, माणसानं खऱ्याला भ्याऊ नये. ही अक्षरं माझ्या आज्याची न्हाईत. जॉर्ज राजाची हायत. माझी चूक झाली. घे बाबा, तुझी बंदूक तुला."

परशरामनं कप खाली ठेवला. "मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"जी आर म्हंजी जॉर्ज राजा. त्याच दस्तगीरनं मला सांगितलंय. पंचवीस वर्सं झाली."

आण्णाप्पानं पुढं केलेली बंदूक खाली घेतली. "मग देवळात बोलला न्हाईस ते?"

"बोललो असतो तर तू घेतली असतीस व्हय?"

"लबाडा! मी आत्ता पंचांकडं जातो."

"जा की. लायसन तुझ्या नावावर, नंबर तुझ्या नावावर. पंच काय करत्यात? आन् मी काय परत अर्जावर सही करणार न्हाय. हात भरल्यात माझं." त्यानं चहाचा कप परत उचलून दाखवला. मग त्याचा आवाज खाली आला. "आण्णा, पंचवीस पावसाळं त्या माळ्यावर काढलं मी. खालनं तुझं घोरणं यायचं. काय घोरायचास रं तू! लई जळायचो मी तुझ्यावर. वाटायचं, एकदा तरी एक बार ह्येच्या कौलावर काढावा."

आतनं परशरामची बायको जयाबाई आली. "भावजी, बसा, च्या घ्या. तेवढीच झोप उडंल."

आण्णाप्पा बसला. बंदूक त्यानं मांडीवर घेतली. आयुष्यभर त्याची एकच इच्छा होती, की आपल्यावरही कुणीतरी जळावं. आणि पंचवीस वर्षं एक माणूस त्याच्यावर जळत होता, भिंतीपलीकडचाच, आणि तो सगळा सोहळा आण्णाप्पानं झोपेत घालवला होता.