दुसऱ्या खुर्चीतलं तमालपत्र

आत्या लेकीच्या बाळंतपणाला निघाली आणि जाता जाता कुंडीतलं तमालपत्राचं झाड भाच्याच्या गळ्यात मारून गेली. भाचा न्हावी. दुकानात खुर्च्या दोन, पण दुसरीचा कारागीर लग्न करून सासरच्या गावी गेला तो तिकडचाच झाला. खिडकीतलं ऊन नेमकं त्याच खुर्चीवर पडायचं, म्हणून न्हाव्याने कुंडी तिथे बसवली.

पाणी बेताने घाल, मुळांत साचू देऊ नकोस, असं आत्याने दहादा बजावलं होतं. तरी पानं चिकट झाली. उलटून पाहतो तर शिरांना तपकिरी खवले. कीडच. न्हाव्याने साबणाचं पाणी केलं, ते मातीत उतरू नये म्हणून कुंडीला एप्रन बांधला आणि मऊ फडक्याने एकेक पान पुसायला घेतलं.

तेवढ्यात मास्तर आले. शाळेतून निवृत्त, डोक्यावर नुसती झालर. बाकावर बसून त्यांनी वर्तमानपत्र संपवलं, मग विचारलं, "यांना किती वेळ लागेल?"

"दाढी नाहीये," न्हावी कामाच्या नादात म्हणाला. "फेशियल, आणि वरून थोडं गोल करायचंय."

मास्तरांनी समजुतीने मान डोलावली. मागून आलेल्या बेकरीवाल्यानेही निमूट नंबर लावला. पुढे पुढे तर गिऱ्हाइकं 'यांच्यासारखंच गोल' मागू लागली. मास्तरांकडे तेवढं भांडवल नव्हतं. त्यांनी साबणाच्या पाण्याच्या फेशियलवर भागवलं.

आत्या परतली. तिने सगळ्यांदेखत चार पानं खुडली, तेव्हा बेकरीवाल्याने डोळे घट्ट मिटून घेतले. ती कुंडी घेऊन गेली आणि दुकान ओकंबोकं झालं. रिकाम्या खुर्चीत न्हावी कुणाला बसवेना.

पण आत्याच्या घरात ऊन कुठलं? झाड पिवळं पडलं, पानं गळायला लागली. शेवटी नाइलाजाने ती कुंडी कडेवर घेऊन दुकानात आली. "ठेवून घे बाबा. पानं लागतील तशी मी येऊन नेईन."

न्हाव्याचा जीव भांड्यात पडला. तरी त्याने बाकाकडे बोट दाखवलं. "बस आत्या. तुम्हा दोघांच्या आधी दोन नंबर आहेत."

आत्या कुंडी मांडीवर घेऊन बसली. मास्तर जरा सरकले, झाडाकडे वाकून म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी? तब्येत उतरलेली दिसते."

"घरचं मानवत नाही त्याला," आत्या म्हणाली.

न्हाव्याने पहिली खुर्ची झटकली आणि बेकरीवाल्याला बोलावलं.