रविवारचं ताट

फ्रान्समधल्या आँजे गावातल्या सोलांजबाईंकडे कर्स्टन नावाची अमेरिकन पोरगी शिकायला म्हणून चार महिने राहिली, पण शनिवार-रविवारी एकदाही घरात सापडली नाही. शुक्रवारी कॉलेज सुटलं की पाठीवर बोचकं टाकून स्टेशन गाठायची. दोन दिवसांत तीन गावं, पाच चर्च, एक किल्ला. जणू कुणी हात धुऊन मागे लागलंय!

"स्ट्रासबुर्गला काय खाल्लंस गं?" बाईंनी एकदा विचारलं.

"सँडविच. गाडीत."

"धन्य आहेस!"

तरी दर गुरुवारी बाई बजावायच्या, "रविवारी जेवायला थांब." ती म्हणायची, "पुढच्या रविवारी नक्की!" आणि दर रविवारी बारा वाजता बाई तिचं ताट मांडायच्या. शेजारी घडी घातलेला जेवणाचा रुमाल, त्याभोवती तिचं नाव कोरलेली लाकडी कडी. अशी कडी त्या घरात फक्त घरच्यांनाच मिळते.

"अगं, ती कसली येतेय!" नवरा रेमों ताटातली भाजलेली कोंबडी कापता कापता करवादायचा.

निघायच्या दिवशी कर्स्टनने फोनवर फोटो दाखवले. प्रत्येकात ही पुढे आणि फ्रान्स मागे. मग सुस्कारा टाकून म्हणाली, "सगळं पाहिलं. फक्त फ्रेंच घरातलं रविवारचं जेवण तेवढं राहिलं. कुणी बोलावलंच नाही!"

बाईंनी कपाटातून तिचा रुमाल काढला. घडी अजून मोडलेली नव्हती. कडी सोडवून त्यांनी परत कपाटात टाकली आणि रुमाल तिच्या हातात ठेवला.

"घे. गाडीत सँडविच खाशील, तेव्हा तोंड पुसायला होईल."