झाकणावर लिहिलंय : फक्त आईसाठी

मी डबा बोलतोय. फ्रिजच्या मधल्या फळीवरचा, काचेचा, निळ्या झाकणाचा. खरं तर गप्प बसणं हाच आम्हा डब्यांचा धर्म. पण या घरातल्या बायकांनी माझा अंत पाहिलाय!

भट्टीतली तापलेली काच साच्यात ओतली आणि मी जन्मलो. कुणीतरी मला या घरी भेट दिलं. पुढची तीन वर्षं मी खोक्यासकट कपाटावर होतो. ‘चांगला आहे, पाहुणे आले की काढू,’ असं घरच्या सुनेनं ठरवलं होतं. तेव्हाच मला हिचा स्वभाव कळायला हवा होता.

सून शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. चाळीस थर एकावर एक रचायचे आणि विजेच्या पात्यानं एका दमात कापायचे. या कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नाही. पण गेल्या हिवाळ्यात मशीनवरच तिला भोवळ आली. पातं अंगठ्याशेजारून गेलं, स्वेटरची बाही कापली. सुपरवायझर बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, “रक्त तपासून घे. रिपोर्ट चांगला आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.” तेव्हापासून ती कोपऱ्यात बसून बटणं लावते आणि घरी येऊन कुणाशी धड बोलत नाही.

तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. वर म्हणाल्या, “सोबत मूठभर स्ट्रॉबेरी खा. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. तुती, ब्लूबेरी मिळाली तर तीही खा. पोटाला बरं, हृदयाला बरं. चाळिशीतल्या बाईनं स्वतःकडे बघायला नको का?”

झालं, मला कपाटावरून उतरवलं. तेरा वर्षांच्या लेकीनं झाकणावर चिठ्ठी चिकटवली : फक्त आईसाठी. मी मनापासून सुखावलो. काय खुळा मी!

सून स्ट्रॉबेरी धुवायची, फडक्यावर कोरड्या करायची, माझ्यात भरायची. मग त्यातल्या चार वाटीत घालून सासूबाईंना, “आई, घ्या हो, तुम्हालाही ताकद हवी.” सासूबाई “हो, हो,” म्हणायच्या. सुनेची पाठ वळली की एक तोंडात, तीन परत माझ्यात. “राहू देत तिला. बिचारी दिवसभर राबते.” दोन लेकीच्या शाळेच्या डब्यात. त्या संध्याकाळी जशाच्या तशा परत, कारण आईला हव्यात. आणि मग सून झाकण उघडून आनंदानं म्हणायची, “अगं बाई, अजून उरल्यात की!” त्या सगळ्या बशीत घालून नवऱ्यासमोर.

नवरा तसा भला माणूस. रोज विचारायचा, “तू खाल्ल्यास ना?”

“मी मघाशीच खाल्ल्या.”

धडधडीत खोटं! मी तिथेच ओट्यावर होतो. तिनं खाल्लेली म्हणजे तळाशी मऊ पडलेली एखादी, तीही काळा डाग सुरीनं काढून. वाटायचं, झाकण आपटून ओरडावं, “अगं, चिठ्ठी वाचता येते ना तुला?”

महिन्याभरानं रिपोर्ट आला. आकडा जेमतेम हलला होता. “फळं खाता ना?” या प्रश्नावर हिनं डॉक्टरीणबाईंना काय सांगावं? “हो, घरात रोज असतात.” तो कागद तिनं घरी आणून माझ्याखाली दाबून ठेवला. बटणांचा आणखी एक महिना. त्या दिवशी ओट्याशी उभी राहून ती रडली, आणि मला तिची कीव आली आणि संतापही आला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला नुकतंच काठोकाठ भरून सासूबाईंना त्यांची वाटी दिली होती, तोच लेक शाळेतून आली. चेहरा उतरलेला.

“घे गं, दोन खा.”

“मी मघाशीच खाल्ल्या,” लेक म्हणाली. तोच सूर, तसंच नजर चुकवणं.

“आत्ता तर धुतल्या मी. कधी खाल्ल्यास?”

लेक पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिली. मग हळूच म्हणाली, “तू नाही का असंच सांगत?”

सुनेनं खुर्ची ओढली. नेमक्या तेव्हाच सासूबाई आपल्या वाटीतल्या तीन परत टाकायला आल्या होत्या. त्यांचा हात माझ्यावर तसाच थांबला.

“बसा आई,” सून म्हणाली. “तूही बस गं.” तिनं मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. तिघी खाऊ लागल्या. आधी चोरी पकडली गेल्यासारख्या, मग सासूबाईंच्या हनुवटीवर रस ओघळला तशा हसत हसत.

याला तीन आठवडे झाले. पुढचा रिपोर्ट गुरुवारी आहे. त्यात काय निघेल ते मला ठाऊक नाही, पण तिच्या पर्समध्ये कापड आखायचा खडू पुन्हा दिसतो. चिठ्ठीची शाई फिकटली, माझ्या कडेचा टवका उडालाय. मला त्याचं काही नाही. हे वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या फ्रिजमधलाही एखादा डबा असाच जीव तोडून ओरडत असेल. त्याचं ऐका.

आज चहाच्या वेळी माझ्यात एकच उरली होती. मोठी, लालभडक, कुठे डाग नाही. सुनेनं ती उचलली. नवऱ्यानं सवयीनं विचारलं, “तू खाल्ल्यास ना?”

तिचा हात क्षणभर त्याच्या बशीकडे वळला. मी श्वास रोखला.

“नाही,” ती म्हणाली, “अजून नाही.” आणि त्याच्यादेखत ती स्ट्रॉबेरी तिनं तोंडात टाकली.