पाहुण्यांचं पान

“जेवतील, तें ठीक. पान कोण उचलील?” सासूबाईंनी विचारलं, आणि डांगर कालवणारा अंबाक्काचा हात थांबला.

कावेरीकाठच्या आमच्या गावच्या कॉलेजात ह्यांच्याबरोबर शिकवणारे बार्लोसाहेब आणि त्यांची बहीण कायमचे विलायतेला निघाले होते. जाण्याआधी ह्यांनी त्यांना घरी बोलावलं. ओसरीवर खुर्ची टाकून कॉफी द्यायला नव्हे. आत, पाटावर, केळीच्या पानावर जेवायला. मामंजी कसेबसे राजी झाले होते.

“ज्याचं त्यानें उचलावं,” सासूबाईच पुढे म्हणाल्या.

“पाहुण्याला उष्टं काढाया सांगूं? मग बोलावलं कशाला?” हे म्हणाले.

“तेंच मी विचारतें. बोलावलं कशाला?”

अंबाक्का हसली आणि पुन्हा डांगराकडे वळली. ती मामंजींची लांबची बहीण. लहानपणीच विधवा होऊन ह्या घरी आली ती चुलीपाशीच राहिली. आमच्या घरचाच नव्हे, गल्लीतल्या साऱ्या मराठी घरांचा श्राद्धाचा स्वयंपाक तिचा. ओलेत्यानं, कुणाची सावली न घेता ती रांधायची. तिच्या हातचं पितरांना पोचतं, असं महालिंगभट सांगायचे. तिला मूल नव्हतं, जमीन नव्हती. गल्लीत मान होता तो त्या चुलीमुळे.

पाहुणे आले. मिस बार्लोंना मांडी घालता येईना. पाय एका बाजूला घेऊन त्या पाटावर टेकल्या. आधी पुरणपोळी, मग भात. भातावर सार वाढलं तसं ते पानभर धावू लागलं, आणि बाई दोन्ही हातांनी ते अडवू लागल्या.

दाराआडून अंबाक्का पुटपुटली, “कावेरीला बांध घालतात हे लोक. साराला घालतां येईना.”

मला हसू आवरेना. कडेवरचा माझा तान्हा सेतू दचकून रडला. मिस बार्लोंनी वर पाहिलं, त्याही हसल्या, आणि मोडक्या तमिळमध्ये म्हणाल्या, “हें कोणीं केलं? मला त्यांना बघायचंय.” अंबाक्का बाहेर गेली नाही. पण पदर सारखा करताना मी तिला पाहिलं.

जेवण संपलं. कुणी हलेना. सासूबाई मागच्या अंगणात निघून गेल्या होत्या. मिस बार्लोंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी पान दुमडलं आणि ओणवं होऊन दोन्ही हातांनी उचलायला घेतलं. सार त्यांच्या पांढऱ्या झग्यावर ओघळलं. हे पुढे झाले.

“कृष्णा,” मामंजी मराठीत, अगदी हळू म्हणाले, “पितृपक्ष तोंडावर आला. पिंडाला कोणता हात लावशील?”

हे जागीच थांबले. मी सेतूला खाली ठेवायला वाकले, तोच अंबाक्कानं माझा खांदा धरला.

“लेकुरवाळी तूं. सर.”

ती बाहेर गेली. बाईंच्या हातातून तिनं पान घेतलं, मग साहेबांचं उचललं. “आमच्या घरीं पाहुणा पान नाहीं उचलत,” ती तमिळमध्ये म्हणाली. पानं टाकून आली, शेणानं जमीन पुसली. मिस बार्लोंनी तिचा ओला, शेणाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो हात कुणी धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

पितृपक्ष आला. एकाही घरून अंबाक्काला बोलावणं आलं नाही. मामंजींनी तिला कावेरीत स्नान करवलं, पंचगव्य दिलं. महालिंगभट म्हणाले, शुद्ध झाली. शेजारचे स्वामीनाथही तेच म्हणाले, “शुद्ध जाली हो, कोण नाहीं म्हणतो? पण माझ्या वडिलांच्या तिथीला नको.” आणि आमच्या श्राद्धाचे ब्राह्मण येईनात. ती चुलीपाशी आहे तोवर नाही, असा निरोप आला.

सासूबाईंनी तिच्या हातातली पळी काढून घेतली. दोघीही रडत होत्या.

“राहा की. खा, बस,” सासूबाई म्हणाल्या.

“बसून? तें मज नाहीं यायचं.”

ह्यांनी पुष्कळ विनवलं. तिनं लुगडी बांधली आणि गोविंदपुरमच्या मठात गेली. बार्लो भावंडं तोवर आगबोटीत बसली होती. ह्या घरचं जेवण फार छान झालं, एवढंच त्यांना ठाऊक.

मार्गशीर्षात सासूबाईंबरोबर मी भजनाला गोविंदपुरमला गेले. आत पंगत उठली होती. अंबाक्का मागं विहिरीपाशी एकटीच पान घेऊन बसलेली दिसली. मठात ती फुलं ओवते, अंगण सारवते. स्वयंपाकघराचा उंबरा तिला नाही.

सेतू नुकता चालायला लागला होता. माझं बोट सोडून तो डुलत तिच्यासमोर गेला, उभा राहिला आणि तोंड उघडलं. कुणाही जेवणाऱ्यापुढे तो असाच उघडायचा.

अंबाक्काचा हात घासासकट उचलला गेला. मग तिला माझ्यामागे सासूबाई दिसल्या.

“भरवा की, अंबाक्का,” मी म्हणाले. सासूबाई विहिरीकडे बघू लागल्या.

तिनं घासाची मूठ मिटून पाठीमागे नेली आणि दुसरा, रिकामा तळवा सेतूपुढे धरला. “संपलं रे राजा. नाहीं कांहीं.”

त्याला तो खेळ वाटला. खिदळत तो तिच्या पाठीमागे मूठ शोधायला गेला, आणि ती बसल्या जागी वळत राहिली, त्याच्याकडे तोंड करून, मूठ लपवीत.