शेवटचं चित्र

रोझलिन टीचरचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझा नवरा कौस्तुभ म्हणतो, "विनया, अगं बाई चांगली आहे." असेल ना! मी कुठे वाईट म्हणतेय? चांगली आहे हेच तर माझं दुखणं आहे.

आमची आर्या तिसरीत आहे. ऑटिझम आहे तिला. मोजकंच बोलते, गोंगाट झाला की कान झाकते, ठरलेलं काही बदललं की आकांत करते. तिच्यासाठी मी बँकेतली नोकरी सोडली. थेरपीच्या खेपा, वास न येणारा साबण, न टोचणारे फ्रॉक, सगळं मी शोधलं. दोन शाळांनी हात जोडले. बोळिंजच्या आमच्या घराजवळची ही शाळा म्हणाली, सगळ्या मुलांबरोबर बसवू. आणि वर्गशिक्षिका कोण, तर ही गास गावची रोझलिन. जूनमध्ये भेटली काय आणि दिवाळीपर्यंत माझी पोर आपलीशी करून बसली काय!

घरी उदबत्ती लावली तर आर्या किंचाळते. टीचरच्या दारचं सोनचाफ्याचं फूल मात्र नाकाशी धरून बसते. पाणी हवं असलं की माझा हात ओढायची, तर एक दिवस स्वयंपाकघरात येऊन चक्क म्हणाली, "पानी." जन्मात पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं आणि तेही त्या बाईच्या गासकडच्या बोलीत! मी पाणी दिलं आणि मोरीत जाऊन रडले. कौस्तुभला वाटलं, आनंदाने. मी वाटू दिलं.

खरी आग लागायची ती शाळा सुटताना. मुलं फाटकाशी रांगेत उभी राहतात. आर्या मला शोधते, बघते, अगदी नीट बघते, आणि पाठ फिरवून धूम वर्गात! त्या बाईकडे! रोजच्या रोज. इतर आया बघत असतात. मग येते सावकाश, माझं बोट धरते. मी तोंड हसरं ठेवते, पण आत नुसता जाळ. मेलं, आई दिसली की मुलं आईकडे पळतात ना?

पालकसभेत रोझलिन म्हणाली होती, "आर्याची आई, तिच्या बाकावर मी दिवसाची पट्टी लावते. गणित, डबा, खेळ, सगळ्याची चित्रं ओळीने. एक काम झालं की ती ते चित्र काढून बाकावरच्या छोट्या डब्यात टाकते. पुढे काय हे कळलं की घाबरत नाही. या ना, दाखवते. घरीही लावता येईल."

"माझ्या लेकीशी बोलायला मला चित्रं नाही लागत, टीचर," मी म्हटलं. बिचारी पुढच्या पालकांकडे वळली. मला बरं वाटलं.

शेवटी मी प्रिन्सिपल मॅडमना गाठलं. म्हटलं, आर्याला ब तुकडीत घाला, ती टीचरच्या फार आहारी गेलीय. मॅडम म्हणाल्या, "एकदा वर्गात बसून बघा. तरी तुमचं तेच म्हणणं असेल तर सोमवारपासून बदलते." रोझलिन शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. "जरूर या," ती म्हणाली, "फक्त आदल्या दिवशी सांगा. मधेच नका येऊ, कारण आर्याला..."

"कळलं," मी तोडलं. मधेच नका येऊ! म्हणजे काहीतरी लपवतेय बया. मग मी मधेच गेले.

गणिताचा तास चालू होता. आर्या खिडकीजवळ, कानाला हेडफोन, मणी ओवून मोजत होती. इतकी शांत, की मला तिचाही राग आला. मी दारातून हाक मारली, "आर्या!"

तिने वर पाहिलं. हातातले मणी सांडले. दप्तर खांद्याला अडकवलं, पुन्हा काढलं. बाकावरची पट्टी चाचपली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पट्टी. आणि मग तिने जी किंकाळी फोडली! स्वतःच्या डोक्यावर बुक्के मारायला लागली. मी धावत जाऊन तिला मिठीत घेतलं. तिने मला ढकललं. सगळ्या वर्गासमोर ढकललं मला आणि रोझलिनच्या मागे जाऊन लपली.

"बघितलंत?" मी ओरडले. "आईला ढकलते! काय शिकवलंत हो हे माझ्या पोरीला?"

रोझलिन खाली बसून आर्याच्या पाठीवर हात दाबत होती, तिला माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती. बोलली ती शेजारच्या बाकावरची एलिसा, दोन वेण्यांची चिमुरडी. बोलली कसली, खेकसलीच.

"आन्टी, तुम्ही आत्ता कशाला आलात? तुम्ही शेवटी असता! अजून डबा पण नाही झाला आमचा!"

तिने पट्टीवर बोट ठेवलं. गणित. डबा. चित्रकला. खेळ. आणि सगळ्यात शेवटी मी. पालकांच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या.

"तुम्ही गेटवर आलात की ती तुम्हाला काढून डब्यात टाकते," एलिसा म्हणाली. "मग शाळा संपते. रोजच."

म्हणजे ते पळत जाणं... अगं आई गं.

"बाहेर जाल का?" रोझलिन हळूच म्हणाली. "सुटल्यावर या. नेहमीसारख्या."

गेले. प्रिन्सिपल मॅडमनी व्हरांड्यात विचारलं, ब तुकडीचं काय? म्हटलं, राहू द्या.

शाळा सुटली. आर्या रांगेत आली, डोळे सुजलेले. तिने मला शोधलं. नीट बघितलं. वळली आणि धूम पळाली. ह्या खेपेला मी फाटकातून आत जाऊन खिडकीतून बघितलं. पट्टीवर एकटी मी उरले होते. तिने मला सोडवलं, तोंडावरून अंगठा फिरवला, डब्यात टाकलं, झाकण लावलं. मग बाहेर येऊन माझं बोट धरलं. मागोमाग रोझलिन आली.

"टीचर," मी म्हटलं, "फोटो बदलू या का? ह्यात मी चोरासारखी दिसते."

"नका हो," रोझलिन हसली. "घाबरली की ह्याच फोटोवर हात ठेवून बसते ती."

घरी मी कधी तिच्या गालाला हात लावला तर ती मान काढून घेते. आता माझी जळफळ त्या फोटोतल्या बाईवर होते.